ईयोबाचा धीर आणि ईयोबाची तक्रार

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या वाचकांपुढे एका प्राचीन पुरुषाचे उदाहरण ठेवलेले आहे. तो पुरुष म्हणजे ईयोब. त्याने कसे सोसले हे तुम्ही ऐकलेलेच आहे, असे गृहीत धरून पत्रकर्ता पुढे जातो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘पेशन्स ऑफ जोब’ हे शब्द रूढ केले आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते म्हणीसारखे परिचयाचे झाले. परंतु ही कीर्ती ऐकून जो वाचक जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक उघडतो, तो बुचकळ्यात पडतो. बेचाळीस अध्यायांपैकी पहिल्या दोनच अध्यायांत त्याला अपेक्षित असलेला शांत, सोशिक ईयोब भेटतो. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे तो देवाला जाब विचारतो, वादासाठी न्यायासनापुढे बोलावू पाहतो, सांत्वनाला आलेल्या मित्रांना निरुपयोगी ठरवतो. एकविसाव्या अध्यायात तर मी अधीर का होऊ नये, असा त्याचा उघड प्रश्न आहे. आणि शेवटी देवाचा कोप होतो तो या तक्रारखोर ईयोबावर नव्हे, तर त्याला गप्प बसण्याचा उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

असे विसंवाद आणखीही आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याची शिकवण आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायात मात्र येशूला चपराक बसते तेव्हा तो मारणाऱ्याला कारण विचारतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात देवाचा विलंब ही त्याची सहनशीलता आहे, असे समजावून सांगितले आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे न्यायाला आणखी किती काळ लागणार, असा आक्रोश करतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात घरगुती दासांना कठोर धन्याचा जाचही सोसण्यास सांगितले आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा मात्र निगरगट्ट न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाऊन त्याला जेरीस आणते, आणि तिचा हा हट्ट प्रार्थनेचा आदर्श म्हणून सांगितला जातो.

या वचनांचा मेळ घालणे हे धर्मशास्त्रज्ञांचे काम आहे, आणि ते त्यांनी अठरा-एकोणीस शतके केले आहे. आमचा प्रश्न वाचनाच्या इतिहासाचा आहे. हा विसंवाद वाचकांनी कसा हाताळला, आणि तो मिटवताना त्यांच्या हातून काय निसटले? आमच्या मते या इतिहासाचा धागा शब्दांच्या भाषांतरात सापडतो. आणि ज्या दोन गुणांना एकच नाव मिळाले ते दोन गुण कोणाचे होते, हे पाहिल्याशिवाय तो उलगडत नाही.

हिब्रू भाषेपासून आरंभ करू. निर्गमाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात देवाचे जे वर्णन येते त्यातील मंदक्रोध या विशेषणाचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा आहे. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. संतापाचा श्वास नाकाशी यायला ज्याला वेळ लागतो तो लांब नाकाचा. याच्या उलट वाक्प्रचार आहे ‘आखूड श्वासाचा’. ईयोब एकविसाव्या अध्यायात स्वतःविषयी जो प्रश्न विचारतो त्यात हाच शब्दप्रयोग आहे: माझा श्वास आखूड का होऊ नये? हाच शब्दप्रयोग आणखी एका ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण विसरण्याजोगे नाही. निर्गमाच्या सहाव्या अध्यायात मोशे मिसरातील गुलामांना सुटकेची वार्ता सांगतो, पण ते ऐकून घेत नाहीत. कारण क्रूर वेठबिगारीने त्यांचा श्वास आखूड झालेला आहे. त्या अधीरतेबद्दल तेथे त्यांना दोष दिलेला नाही. कष्ट आणि आखूड श्वास ही दोन कारणे शेजारी शेजारी मांडून निवेदन पुढे जाते.

ग्रीकमध्ये ‘लांब नाका’चा ‘माक्रोथुमिया’ झाला: ज्याचा क्षोभ दूरवर राहतो त्याचा गुण. पण नव्या करारात याच्या जोडीला दुसराही एक शब्द वारंवार येतो: ‘हुपोमोने’. त्याची व्युत्पत्ती ‘खाली’ आणि ‘टिकून राहणे’ या दोन घटकांची आहे. ओझ्याखाली असूनही जागा न सोडणे, असा त्याचा भाव. रणांगणावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या सैनिकालाही तो लागू पडे. ईयोबाच्या संदर्भात याकोब जो शब्द वापरतो तो हाच. याकोबाने ईयोबाला मंदक्रोध म्हटलेले नाही, शांत म्हटलेले नाही. तो टिकून राहिला, एवढेच म्हटले आहे. ईयोब आक्रोश करतो, पण देवाशी चाललेला संवाद सोडून निघून जात नाही. मूळ शब्दाकडे पाहिले तर आरंभीच्या विसंवादाची धार बरीच बोथट होते.

या दोन शब्दांतील भेद चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्टोम या ग्रीक धर्मोपदेशकाने फार मार्मिकपणे सांगितला. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे दोन्ही शब्द शेजारी येतात. त्यावर तो म्हणतो, की ज्यांच्यावर उलट वार करणे आपल्याला शक्य आहे त्यांच्याबाबत दाखवायची ती माक्रोथुमिया; ज्यांच्यावर तो शक्यच नाही त्यांच्यापुढे धरायची ती हुपोमोने. म्हणूनच देवाच्या बाबतीत पहिला गुण पुष्कळदा सांगितला जातो, दुसरा नाही. १८५४ मध्ये रिचर्ड ट्रेंच या आयरिश-इंग्रज अभ्यासकाने नव्या करारातील समानार्थी शब्दांवरील आपल्या पुस्तकात हा भेद पुन्हा उजेडात आणला. थोडक्यात, एक गुण हाती दंड असलेल्याचा, दुसरा पाठीवर दंड बसणाऱ्याचा.

अर्थात ही विभागणी काटेकोर नाही, हे मान्य केले पाहिजे. याकोबाच्याच त्या अध्यायात शेतकरी आगोटीच्या आणि नंतरच्या पावसाची वाट पाहतो तेथे माक्रोथुमियाचे क्रियापद आहे, आणि शेतकरी काही पावसाला दंड करू शकत नाही. लूकच्या विधवेच्या दृष्टांतातही हेच क्रियापद देवाच्या बाबतीत इतक्या अवघड रचनेत येते की त्याचा अर्थ ‘तो विलंब लावील काय’ असा घ्यावा की ‘तो त्यांचे धीराने ऐकून घेतो’ असा, यावर भाष्यकारांचे आजही एकमत नाही. तरीही क्रिसोस्टोमने दाखवलेली दिशा उपयोगाची आहे. पेत्राचे दुसरे पत्र आणि प्रकटीकरण यांच्यातील विरोध तिच्या प्रकाशात वेगळा दिसतो. देवाने अपराध्याला दिलेली मुदत अपराध्याच्या बाजूने पाहिली तर कृपा असते. त्याच मुदतीत ज्याच्यावर अन्याय चालू राहतो त्याच्या बाजूने पाहिली तर ती प्रतीक्षा असते, आणि तिला वाचा फुटली की आक्रोश होतो. दोन्ही वचने एकाच विलंबाविषयी बोलतात. फक्त बोलणारे निरनिराळ्या जागी उभे आहेत.

शांत ईयोबाची प्रतिमा मात्र केवळ याकोबाच्या पत्रातून घडलेली नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, ईयोबाचे पुस्तक मुळापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने लहान आहे, आणि गाळलेला बहुतेक भाग गद्य कथेतला नसून काव्यातल्या वादविवादाचा आहे. त्याच भाषांतरात ईयोबाच्या बायकोला मात्र लांबलचक भाषण मिळाले आहे. आणखी किती काळ असा तग धरणार, असे ती नवऱ्याला विचारते. पुढे इसवी सनाच्या आगेमागे ‘ईयोबाचे मृत्युपत्र’ हा ग्रीक ग्रंथ तयार झाला. त्यात सैतान एखाद्या थकलेल्या मल्लाप्रमाणे रडत हार मानतो, आणि ईयोब मुलांना उपदेश करतो की सर्वांत श्रेष्ठ गुण सहनशीलता. तेथे शब्द आहे माक्रोथुमिया. जाब विचारणारा ईयोब या ग्रंथात जवळजवळ नाहीसाच झाला आहे.

मग लॅटिनचा काळ आला. लॅटिन बायबलात माक्रोथुमियासाठी कधी कधी ‘लाँगानिमितास’ असा स्वतंत्र शब्द वापरलेला आहे, हे खरे; परंतु इतर अनेक ठिकाणी दोन्ही ग्रीक शब्दांची जागा ‘पातिएंतिया’ या एकाच शब्दाने घेतली, आणि उपदेशाच्या भाषेत तर त्याचेच राज्य झाले. हा शब्द ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. हुपोमोनेतील ‘जागा न सोडणे’ मागे पडले, ‘सोसणे’ पुढे आले. त्यातून एक नवाच पेच निर्माण झाला: देवाला दुःख होत नाही, तर मग तो ‘सोसणारा’ कसा? ऑगस्टीनला सहनशीलतेवरील आपल्या छोट्या ग्रंथाच्या आरंभीच या शंकेचे निरसन करावे लागले. ग्रीक वाचकाला हा प्रश्न या रूपात पडण्याचे कारण नव्हते.

या गुणावरचे पहिले स्वतंत्र लॅटिन ख्रिस्ती लेखन कार्थेजच्या टर्टुलियनचे, इसवी सन २०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. त्याचा आरंभ विलक्षण प्रांजळ आहे. ज्या गुणाचा आपल्यात लवलेश नाही त्यावर आपण लिहीत आहोत, आजाऱ्याने आरोग्याची महती गावी तसे, असे तो सांगतो. पण ईयोबाकडे वळताच त्याची लेखणी स्वैर धावते. त्याचा ईयोब जखमांतून बाहेर पडणाऱ्या किड्यांना हसत-खेळत पुन्हा त्याच जखमांत सोडतो. मूळ पुस्तकात असे काहीही नाही. तिसऱ्या अध्यायातील शाप मात्र या वर्णनातून वगळला आहे.

त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, २५६ मध्ये, त्याच कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ‘सहनशीलतेचे हित’ हा ग्रंथ लिहिला. पाखंडी गटांत झालेला बाप्तिस्मा ग्राह्य मानावा की नाही, यावर रोमचा बिशप स्तेफान याच्याशी त्याचा तीव्र वाद चालू असतानाच्या दिवसांतले हे लेखन. वादाचा उल्लेखही न करता त्याने सहनशीलतेची स्तुती केली. पण सिप्रियनचे वेगळेपण असे, की त्याने प्रकटीकरणातील हुतात्म्यांचा आक्रोश वगळला नाही. न्यायाची घाई करणाऱ्या त्या आत्म्यांनाही थांबण्यास सांगितले गेले, हे तो नोंदवतो. आणि देव कायमचा गप्प राहणार नाही, हेही बजावतो. दोनच वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, रोमन अधिकाऱ्यांनी त्याचा शिरच्छेद केला. छळाच्या छायेतला माणूस छळाच्या छायेतल्या माणसांना थांबायला सांगतो, तेव्हा त्या शब्दाला वेगळे वजन असते.

ऑगस्टीनच्या काळापर्यंत परिस्थिती पालटली होती. ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला होता. ४१० मध्ये रोम लुटले गेले, आणि दुसरा गाल पुढे करणाऱ्या धर्माने राज्य कसे चालणार, असा आक्षेप सुशिक्षित रोमनांनी घेतला. मार्केल्लिनुस या अधिकाऱ्याला ४१२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीनने उत्तर दिले. त्याचा आधार योहानाचा अठरावा अध्याय होता. चपराक बसल्यावर प्रत्यक्ष येशूनेच दुसरा गाल पुढे केला नाही, प्रश्न केला. तेव्हा ती आज्ञा बाह्य कृतीविषयी नसून अंतःकरणाच्या तयारीविषयी आहे. दोन वचनांतील विरोध मिटवण्याची ही युक्ती वाचनकौशल्य म्हणून दाद देण्याजोगी आहे. मात्र ऑगस्टीन तेथे थांबत नाही. अंतःकरणात सहनशीलता असली की बाहेर हितबुद्धीने कठोर होता येते, बाप मुलाला शिक्षा करतो तसे. याच भावनेने युद्धेही करता येतात, असे तो त्याच पत्रात पुढे लिहितो. डोनॅटिस्ट पंथीयांवरील राजसत्तेच्या बळजबरीचेही त्याने समर्थन केले. दंड हाती असणाऱ्याची सहनशीलता आता मनात राहू शकत होती. दंड सोसणाऱ्याला मात्र ती देहावरच धारण करणे भाग होते.

ईयोबाचा शाप कोणी तरी निस्तरणे आवश्यकच होते. ते काम पोप ग्रेगरी याने केले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झालेल्या त्याच्या ईयोबावरील भाष्याचे पस्तीस भाग आहेत, आणि मध्ययुगाने ईयोबाला बव्हंशी याच भाष्यातून वाचले. जन्मदिवस तर होऊन गेला, त्याला शाप देणे निरर्थक. पवित्र पुरुष निरर्थक बोलणार नाही. सबब येथे शब्दार्थ न घेता गूढार्थ घ्यावा, असा त्याचा युक्तिवाद आहे. रूपकाच्या या सभ्य मार्गाने ईयोबाची तक्रार जवळपास हजार वर्षे ऐकू येईनाशी झाली.

हे सारे भाष्यकारांचे बौद्धिक खेळ होते, असे कोणी म्हणेल. तसे ते नव्हते, हे पुढील इतिहासाने दाखवले. पेत्राच्या पहिल्या पत्रातील दासांना केलेला उपदेश अमेरिकेतील आणि कॅरिबियन बेटांतील गुलामांना प्रवचनांतून ऐकवला गेला. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलातील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. त्यात मिसरातील गुलामांच्या सुटकेची कथा नव्हती. मजुरी न देता शेजाऱ्याला राबवणाऱ्याचा धिक्कार करणारे यिर्मयाचे वचनही नव्हते. ज्यांचा श्वास आखूड झाला होता त्यांच्यापासून आखूड श्वासाची कथा लपवली गेली. विसंवाद मिटवण्याचा याहून सोपा उपाय नाही: दोनांपैकी एक वचन छापायचेच नाही. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून पळून मुक्त झालेल्या लेखकाने १८४५ च्या आपल्या आत्मकथनात, मालक एका अपंग तरुणीला फटके मारताना शास्त्रवचन कसे म्हणत असे, याची नोंद केली आहे, आणि ख्रिस्ताचा धर्म व या देशातला धर्म हे दोन वेगळे आहेत असे पुस्तकाच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे.

१२ एप्रिल १९६३ रोजी अलाबामातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी बर्मिंगहॅममधील कृष्णवर्णीयांचे सत्याग्रह अविचारी आणि अवेळी ठरवणारे निवेदन काढले. त्याच दिवशी अटक झालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिलच्या तारखेचे तुरुंगातील आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. थांबा हा शब्द वर्षानुवर्षे ऐकला, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘कधीच नाही’ असाच निघाला, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या लोकांची अधीरता रास्त आणि अटळ आहे, हे समजून घेण्याचे आवाहन त्यांनी केले. दोन्ही बाजू एकाच शास्त्राच्या होत्या. किंग आपल्या अनुयायांकडून कमी सहनशीलता मागत नव्हते. मारहाण झाली तरी हात न उचलण्याची शिस्त ते शिकवत होते. ती हुपोमोने होती: जागा न सोडणे. धर्मगुरू तिच्याऐवजी वाट पाहणे मागत होते, आणि दोहोंना इंग्रजीत एकच शब्द होता.

विसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरांनी याकोबाच्या त्या वचनातून ‘पेशन्स’ हा शब्द काढून त्या जागी ठामपणा, चिकाटी अशा अर्थांचे शब्द घातले. १९४६ च्या सुधारित प्रमाण नव्या करारात हा बदल दिसतो. ‘पेशन्स ऑफ जोब’ ही म्हण तेवढी उरली.

मराठी वाचकाची स्थिती या बाबतीत थोडी बरी आहे. प्रचलित मराठी बायबलात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हुपोमोनेसाठी ‘धीर’ आहे, आणि गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळांत माक्रोथुमियासाठी ‘सहनशीलता’. हे ‘धीर’ प्रकरण मोठे भाग्याचे आहे. धीर धरणे म्हणजे थांबणे, धीर होणे म्हणजे धाडस होणे, धीर देणे म्हणजे दुसऱ्याला उभे करणे, आणि धीर सुटणे म्हणजे जागा सोडणे. प्रतीक्षा आणि धैर्य हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. मोठ्याने रडणाऱ्यालाही धीर असू शकतो. याउलट ‘सोशिक’ हे विशेषण आपण कोणाला लावतो, ते पाहावे. सून सोशिक असते, गडी सोशिक असतो. मालक सोशिक आहे असे कोणी म्हणत नाही, त्याला आपण संयमी म्हणतो. आणि सोशिकपणाची ही प्रशंसा बहुधा ज्यांच्यामुळे सोसावे लागते त्यांच्याच तोंडून येते. क्रिसोस्टोमने ग्रीकमध्ये केलेला भेद आपली बोली नकळत पाळते.

तेव्हा साहित्याच्या वर्गात हा विषय निघाला तर दोन विसंगत वचने फळ्यावर समोरासमोर लिहून त्यांतले खरे कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक वचनापुढे बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्या क्षणी दंड कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न लिहावेत. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्यायही सातव्या वचनापासून वाचू नये. बहुतेक प्रवचने तेथूनच सुरू होतात. सातव्या वचनात ‘म्हणून’ आहे, आणि त्या शब्दाचा संबंध मागच्या सहा वचनांशी आहे. त्या सहा वचनांत धनिकांना आकांत करायला सांगितले आहे, कारण शेते कापणाऱ्या मजुरांची त्यांनी अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. धीर धरण्याचा उपदेश त्या ओरडीनंतर येतो, आणि तो मजुरांना आहे. धनिकांच्या वाट्याला उपदेश आला आहे तो रडण्याचा. ईयोबाचे नाव त्यानंतर चार वचनांनी येते. ज्याने तक्रार केली, आणि ज्याच्या तक्रारीची बाजू शेवटी देवाने घेतली, त्याचेच नाव पत्रकर्त्याला आठवावे, यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही.